बँकेच्या लिलावातलं घर घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक अशा ठिकाणच्या खरेदीदारांकडून पुन्हा पुन्हा येतात. उत्तरं महाराष्ट्रातल्या राहत्या फ्लॅटपुरती आहेत. शेतजमीन सरफेसी कायद्याच्या (प्रश्न १) कक्षेतच येत नाही, त्यामुळे ती इथे नाही.

१. बँक दुसऱ्याचं घर विकते ते कोणत्या अधिकारात?

२००२ च्या सरफेसी कायद्याने बँकेला तारण घर कोर्टात दावा न लावता विकायचा अधिकार दिला आहे. खातं थकीत ठरलं की कलम १३(२) खाली ६० दिवसांची मागणी नोटीस जाते. कर्जदाराने हरकत घेतली तर बँकेने १५ दिवसांत लेखी उत्तर द्यायचं. ६० दिवसांत पैसे आले नाहीत तर कलम १३(४) खाली ताबा. ताबा नोटीस घरावर चिकटवायची आणि सात दिवसांत दोन वर्तमानपत्रांत छापायची, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. मग मूल्यांकन, राखीव किंमत (जिच्याखाली विकत नाहीत ती), लिलावाची जाहीर सूचना आणि लिलाव.

ही साखळी तुम्हाला माहीत हवी, कारण विक्री पुढे रद्द होते ती बहुतेक वेळा यातली एखादी कडी निसटल्यामुळे. सगळ्यात सोपी तपासणी तारखांची: पहिल्या लिलावासाठी सूचना छापल्यापासून किमान ३० दिवस जावे लागतात. तो फसला आणि पुन्हा लिलाव लावला तर १५ दिवस पुरतात. कात्रण हातात घेऊन दिवस मोजा.

२. अमेरिकेतल्या भावाने ‘शॉर्ट सेल’मध्ये घर घेतलं. तसं इथे होतं का?

त्या नावाने नाही. तिकडे घराची बाजारातली किंमत कर्जापेक्षा खाली गेली की मालक स्वतः गिऱ्हाईक आणतो, बँक कमी रकमेवर राजी होते आणि घरावरचा बोजा सोडते. आपल्याकडे याच्या जवळ जाणारा मार्ग म्हणजे एकरकमी तडजोड, म्हणजे ओटीएस. कर्जदार बँकेशी रक्कम ठरवतो आणि ती तुमच्या पैशातून भागवतो. विक्रेता मालकच, बँक नाही. म्हणून नेहमीसारखा नोंदणीकृत करार होतो आणि ताबाही सहसा भांडणाशिवाय मिळतो.

यात क्रम चुकवू नका. आधी बँकेचं ओटीएस मंजुरीचं पत्र बघा: रक्कम, शेवटची तारीख, हप्ते. मग मालक, तुम्ही आणि बँक असा त्रिपक्षी करार, किंवा निदान बँकेचं तुमच्या नावे पत्र, की अमुक रक्कम कर्जखात्यात आली की बोजा उतरवू आणि मूळ कागद तुमच्या हाती देऊ. कर्जाइतकी रक्कम थेट कर्जखात्यात भरायची, मालकाच्या बचत खात्यात कधीही नाही. मूळ कागदांची यादी बँकेकडून आधीच घ्या. संपूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत कागद परत न दिल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. ती भरपाई मात्र कर्जदाराला मिळते, तुम्हाला नाही.

एक धोका नेहमीचा. मालकाने आणखी दोन बँकांकडून कर्ज उचललेलं असतं आणि ओटीएस एकीचंच होतं. त्यासाठी प्रश्न ६ मधली सेरसाईची, म्हणजे तारणांच्या केंद्रीय नोंदवहीची, तपासणी इथेही करा. आणि हे सगळं लिलावाची सूचना छापून येण्याआधी उरकायला हवं. का, ते प्रश्न १५ मध्ये.

३. खरे लिलाव कुठे सापडतात?

सरकारी बँकांचे बँकनेट या पोर्टलवर. खासगी बँका, गृहवित्त कंपन्या आणि मालमत्ता पुनर्रचना कंपन्या (बँकांची थकीत कर्जं विकत घेणाऱ्या) आपापल्या नेमलेल्या पोर्टलवर लावतात. नागरी सहकारी बँकांच्या जाहिराती अजूनही मराठी वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांत बारीक अक्षरांत असतात, आणि तिथे बोली लावणारे कमी असतात.

‘बँकेत ओळख आहे, लिलावाआधीच मिळवून देतो’ म्हणणाऱ्या दलालाला टोकन देऊ नका. बयाणा फक्त सूचनेत छापलेल्या खात्यात किंवा पोर्टलच्या वॉलेटमध्ये जातो. सूचनेतल्या प्राधिकृत अधिकाऱ्याला (बँकेने विक्रीसाठी नेमलेल्या) शाखेत जाऊन भेटा. छापलेल्या मोबाइल नंबरवर बोलून समाधान मानू नका.

४. खरंच स्वस्त पडतं का?

पडतं, पण जाहिरातीत दिसतं तितकं नाही. ठाण्यातला एक काल्पनिक फ्लॅट घेऊ. शेजारच्या मजल्यावरचा तसाच फ्लॅट ६८ लाखांना जातो. राखीव किंमत ४८ लाख, तुमची बोली ५२ लाखांवर थांबली. त्यावर ७ टक्के मुद्रांक शुल्क ३ लाख ६४ हजार, नोंदणी फी ३० हजार, सोसायटीची व्याजासह थकबाकी १ लाख ८० हजार, मालमत्ता कर ३५ हजार, वीज आणि हस्तांतर मिळून १५ हजार, दुरुस्ती अडीच लाख. झाले ६० लाख ७४ हजार. बाजारात तोच फ्लॅट ६८ लाखांना घेतलात तरी मुद्रांक शुल्क भरावं लागलंच असतं, म्हणून प्रत्यक्ष फरक दहा-बारा लाखांचा राहतो.

आता यात ताबा दीड वर्ष मिळाला नाही असं धरा. तेवढे महिने तुमचं घरभाडं आणि नव्या कर्जाचा हप्ता दोन्ही चालू. फरक तिथेच विरतो. लिलावात मिळणारी सूट ही मुळात ताब्याची आणि कागदांची जोखीम उचलण्याची मजुरी आहे. ती जोखीम मोजता येत नसेल तर बोली लावू नका.

५. सूचनेत ‘सांकेतिक ताबा’ लिहिलंय. म्हणजे काय?

म्हणजे बँकेने दारावर नोटीस चिकटवली आहे आणि आत कर्जदार राहतो आहे. ‘प्रत्यक्ष ताबा’ म्हणजे कुलूप आणि किल्ली बँकेची.

सांकेतिक ताब्याचं घर प्रत्यक्षात आणायला बँकेला कलम १४ खाली अर्ज करावा लागतो. मुंबईत तो मुख्य दंडाधिकाऱ्यांकडे जातो. जिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडे, आणि अंमलबजावणी बहुधा तहसीलदार पोलीस बंदोबस्तात करतात. कायद्यात यासाठी ३० दिवस, कारणं नोंदवून जास्तीत जास्त ६० दिवस लिहिले आहेत. पण ही मुदत उलटली म्हणून अधिकार संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. थोडक्यात, उशिरावर कसलीच वेसण नाही. निवडणूक, परीक्षांचा बंदोबस्त, गणपती, तहसीलदाराची बदली: तारीख पुढे जायला काहीही पुरतं.

बोलीआधी बँकेला लेखी विचारा: कलम १४ चा अर्ज केला आहे का, क्रमांक काय, आदेश झाला का, अंमलबजावणीची तारीख लागली का? आदेश हाती असेल तर काही महिन्यांची बाब. अर्जच केला नसेल तर एक वर्ष गृहीत धरून किंमत ठरवा. विक्री प्रमाणपत्र (खरेदीखताऐवजी बँक देते तो मालकीचा कागद) झाल्यावरही बँक तुमच्यासाठी कलम १४ चा अर्ज करू शकते. पण पैसे मिळाल्यावर तिची घाई ओसरते, हे ध्यानात असू द्या.

६. बोली लावण्याआधी काय काय तपासायचं?

सूचनेत ‘जशी आहे, जिथे आहे, जे काही आहे’ या तत्त्वावर विक्री, असं छापलेलं असतं. ते शोभेचं वाक्य नाही. नंतर निघालेल्या जवळपास प्रत्येक दोषाचा भार त्या ओळीने तुमच्यावर येतो.

कागदांपासून सुरू करा. बँकेकडून करारांची पूर्ण चेन मागा, म्हणजे बिल्डरपासून आजच्या मालकापर्यंतचा प्रत्येक नोंदणीकृत करार. मधला एक गहाळ असेल तर पुढे तुमचं घर विकताना तुमच्या खरेदीदाराची बँक अडणार. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सारांश, काढा आणि वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च करून घ्या. त्यात गहाणाच्या सूचनापत्राच्या नोंदीही दिसतात. सेरसाईच्या नोंदवहीत थोडी फी भरून मालमत्तेवर कोणाकोणाचं तारण आहे ते बघता येतं. एकाच फ्लॅटवर दोन बँका दिसल्या तर तिथेच थांबा आणि दुसऱ्या बँकेचं ना-हरकत मागा.

मग खटले. ऋण वसुली न्यायाधिकरणाच्या, म्हणजे डीआरटीच्या संकेतस्थळावर कर्जदाराच्या आणि जामीनदाराच्या नावाने शोधा. महाराष्ट्रात मुंबईत तीन आणि पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे डीआरटी आहेत. मालक एकापेक्षा जास्त असतील किंवा घर वडिलोपार्जित पैशातलं असेल तर ई-कोर्ट्सवर दिवाणी दावाही बघा.

सोसायटीत स्वतः जा. सचिवांकडून थकबाकीचा आकडा लेखी घ्या आणि मुद्दल, व्याज, दुरुस्ती निधी वेगळे मांडून मागा. आदर्श उपविधींनुसार व्याज वर्षाला २१ टक्क्यांपेक्षा जास्त आणि चक्रवाढ लावता येत नाही. अनेक सोसायट्यांच्या हिशेबात हे पाळलेलं नसतं आणि आकडा चांगलाच खाली येतो. सभासद कोण आहे, भागदाखला कोणाच्या नावावर आहे, पुनर्विकासाचा ठराव झाला आहे का, हेही तिथेच कळतं. वॉचमनशी दोन मिनिटं बोला. घरात कोण राहतं हे बँकेच्या फाइलपेक्षा त्याला नेमकं ठाऊक असतं.

शेवटी फ्लॅटचा नंबर आणि क्षेत्रफळ. सूचनेतला नंबर, करारातला नंबर आणि दारावरची पाटी एकच आहे ना? दोन फ्लॅट एकत्र करून मधली भिंत पाडलेली आणि तारण त्यातला एकच, असंही निघतं. भोगवटा प्रमाणपत्र नसेल तर कर्जाला आणि पाण्याच्या बिलाला अडचण येते. भूखंड सिडकोचा किंवा घर म्हाडाचं असेल तर हस्तांतराची परवानगी आणि शुल्क किती, हे त्या कार्यालयातून लेखी आणा. बँक हा खर्च आकडेवारीत धरत नाही.

७. बोलीच्या दिवशी नेमकं काय होतं?

त्याआधीच पोर्टलवर केवायसीसह नोंदणी आणि बयाणा झालेला असतो. बयाणा बहुधा राखीव किमतीच्या १० टक्के. पैसे बोली लावणाऱ्याच्या स्वतःच्या खात्यातून जाऊ द्या. शेवटच्या दिवसावर ठेवू नका: आरटीजीएस गेला पण पोर्टलवर जमा दिसला नाही, म्हणून बाहेर राहिलेले लोक प्रत्येक फेरीत असतात.

ई-लिलाव एक-दोन तासांचा असतो. प्रत्येक बोली ठरलेल्या टप्प्याने वर चढते. शेवटच्या काही मिनिटांत कोणी बोली लावली की वेळ आपोआप पाच किंवा दहा मिनिटं वाढते, त्यामुळे शेवटच्या सेकंदाची हुशारी इथे चालत नाही. आपली कमाल रक्कम कागदावर लिहून समोर ठेवा. तुम्ही एकटेच असाल तरी राखीव किमतीवर किमान एक टप्पा चढावा लागतो. हरलेल्यांना बयाणा परत मिळतो, बिनव्याजी.

८. बोली जिंकली. पैसे कधी, किती?

त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी बोलीच्या २५ टक्के, त्यात बयाणा धरून. वरच्या उदाहरणात २५ टक्के म्हणजे १३ लाख, बयाणा ४ लाख ८० हजार गेलेला, म्हणून दुसऱ्या दिवसापर्यंत ८ लाख २० हजार. उरलेले ७५ टक्के, म्हणजे ३९ लाख, विक्रीला बँकेची मंजुरी मिळाल्यापासून १५ दिवसांत.

बँकेने लेखी मान्य केलं तर ही मुदत वाढते, पण कोणत्याही परिस्थितीत तीन महिन्यांपलीकडे नाही. मुदतवाढीचा अर्ज पंधरावा दिवस उजाडण्याआधी द्या आणि मंजुरी कागदावर घ्या. ‘साहेब हो म्हणाले’ याला किंमत नाही. चुकलात तर भरलेले सगळे २५ टक्के जप्त होतात. बँकेचं नुकसान त्याहून कमी झालं असलं तरी ही जप्ती योग्यच, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सेंट्रल बँकेच्या प्रकरणात स्पष्ट केलं. लोक हात पोळून घेतात ते बहुतांश इथे.

९. लिलावाच्या घराला गृहकर्ज मिळतं का?

मिळतं, पण वेळेचं गणित उलटं आहे. नेहमीच्या खरेदीत घर ठरवून मग कर्ज बघतात. इथे तुमची व्यक्तिगत पात्रता बोलीआधीच मंजूर हवी, आणि त्याच घराची कायदेशीर व तांत्रिक तपासणीही जमली तर आधीच. १५ दिवसांत मूल्यांकन, सर्च आणि मंजुरी सगळं बसत नाही. लिलाव करणारी बँक स्वतः कर्ज देते का, हे आधी विचारा. तिच्याकडे कागद असतात, म्हणून काम लवकर होतं.

सांकेतिक ताब्याच्या घराला बऱ्याच बँका नकार देतात. शिवाय पहिले २५ टक्के तुमच्या खिशातूनच जातात. उरलेल्या ७५ टक्क्यांतही कर्ज अडलं तर पर्याय काय, हे बोलीआधी ठरलेलं हवं: मुदत ठेव, सोनं, घरच्यांचे पैसे. तो नसेल तर प्रश्न ८ चा शेवट पुन्हा वाचा.

१०. बोली माझ्या नावाने लावली. आता बायकोचं नाव घालता येईल?

सहसा नाही. विक्री प्रमाणपत्र ज्याने बोली लावली त्याच्याच नावाने निघतं. दोघांची नावं हवी असतील तर पोर्टलवर नोंदणी करतानाच संयुक्त बोलीदार म्हणून द्या. नंतर नाव घालायचं म्हणजे स्वतंत्र दस्त आणि स्वतंत्र मुद्रांक.

११. जुन्या मालकाची थकबाकी मी का भरायची?

कारण विक्री ‘जशी आहे, जिथे आहे’ तत्त्वावर झाली आणि किंमत त्यामुळेच कमी होती. पण सगळ्या थकबाक्या सारख्या नाहीत.

सोसायटीची थकबाकी व्यवहारात खरेदीदारच भरतो. ती भरल्याशिवाय सभासदत्वाचा अर्ज पुढे सरकत नाही. मालमत्ता कर घरावरच बोजा म्हणून बसतो, त्यामुळे महापालिका नव्या मालकाकडूनच घेते. वीजबिलाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये, अनेक राज्यांतली प्रकरणं एकत्र ऐकून, सांगितलं की अशा तत्त्वावर घेतलेल्या मालमत्तेची जुनी बाकी नव्या जोडणीआधी वीज कंपनी नियमांनुसार मागू शकते.

मालक व्यापारी असेल तर विक्रीकर किंवा जीएसटीची थकबाकी घरावर चढलेली असू शकते. मिळकतपत्रिकेवर किंवा सातबाऱ्याच्या इतर हक्कांत तशी नोंद दिसते. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जनता सहकारी बँकेच्या प्रकरणात निकाल दिला की सेरसाईत नोंदवलेलं तारण असलेल्या बँकेला कराच्या मागणीपेक्षा अग्रक्रम मिळतो. २४ जानेवारी २०२० पूर्वीच्या जप्तीचा प्रश्न मात्र वेगळा आहे, तो वकिलाकडे न्या. आणि अग्रक्रम बँकेचा असला तरी नोंद खोडून घेण्याची पायपीट तुमचीच.

बँकेला माहीत असलेले बोजे विक्री प्रमाणपत्रात लिहिलेले असतात. ते वाचल्याशिवाय घेऊ नका.

१२. टीडीएस कोणाच्या नावाने कापायचा? विकणारी तर बँक आहे.

मालकाच्या, म्हणजे कर्जदाराच्या पॅनवर. बँक फक्त तारणधारक आहे. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का. तो बोलीच्या वर नाही, बोलीतूनच. उदाहरणात ५२ लाखांपैकी ५२ हजार सरकारला आणि ५१ लाख ४८ हजार बँकेला. चलन बँकेला द्या, नाहीतर तेवढी रक्कम कमी भरली म्हणून प्रमाणपत्र अडतं. सहमालक असतील तर प्रत्येकाचा पॅन लागतो. पॅन निष्क्रिय निघाला तर दर बराच चढतो, म्हणून तो बँकेकडून आधीच मागून तपासा.

१३. मुद्रांक शुल्क कशावर: बोलीवर की रेडी रेकनरवर? आणि नोंदणी करायलाच हवी का?

पहिला भाग वादाचा आहे. उघड लिलावातली किंमत हीच बाजारभाव, असा युक्तिवाद करता येतो. पण दुय्यम निबंधक रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारी दरतक्त्याचा, आकडा मोठा असेल तर तोच धरायला बघतात. दोन आकड्यांत फरक असेल तर मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी, म्हणजे शुल्क किती ते ठरवून घेण्यासाठी, अर्ज करून लेखी आकडा घ्या आणि मगच शुल्क भरा. दर मुंबईत ६ टक्के, ठाणे आणि पुणे महापालिका हद्दीत ७ टक्के. नोंदणी फी १ टक्का, कमाल ३० हजार.

दुसऱ्या भागावर कायद्याचं म्हणणं आणि व्यवहार वेगळे आहेत. प्राधिकृत अधिकाऱ्याच्या विक्री प्रमाणपत्राची नोंदणी सक्तीची नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे. पण नोंदणी नसेल तर सोसायटी कुरकुरते, आणि पुढे विकताना इंडेक्स टू नसल्याने खरेदीदाराची बँक मागे हटते. आमचं मत सरळ आहे: नोंदवा. प्रमाणपत्राच्या तारखेपासून चार महिन्यांत.

१४. आत भाडेकरू आहे. काय करायचं?

आधी तो कोण ते ठरवा. लीव्ह अँड लायसन्सवाला हा भाडेकरू नव्हे, परवानाधारक आहे. करार संपला की त्याचा हक्क संपतो. त्याच्याशी बोलून बहुतेक वेळा तारीख ठरते.

गहाणाच्या आधीपासूनचा आणि भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण असलेला खरा भाडेकरू ही वेगळी गोष्ट. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये सांगितलं की सरफेसी वापरून अशा भाडेकरूला झाडून काढता येत नाही. सप्टेंबर २०१९ च्या निकालाने त्याला चाळणी लावली: भाडेकरार नोंदणीकृत नसेल आणि फक्त तोंडी दावा असेल तर भक्कम पुरावा हवा. ही दोन्ही प्रकरणं मुंबईतलीच. कलम १३(२) ची नोटीस मिळाल्यावर कर्जदार बँकेच्या लेखी संमतीविना भाड्याने देऊच शकत नाही.

म्हणजे बघायचं ते तीन तारखांकडे: गहाण कधी झालं, भाडेकरार कधी झाला, नोटीस कधी गेली. नोटिशीनंतर अचानक उगवलेला मेहुणा-भाडेकरू कायद्यात टिकत नाही. पण तो डीआरटीत अर्ज करून काही महिने खाऊ शकतो.

१५. मी पैसे भरल्यावर कर्जदाराने कर्ज फेडलं तर घर जाईल का?

२०१६ च्या दुरुस्तीनंतर घर सोडवून घेण्याचा कर्जदाराचा हक्क लिलावाची सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बाफना मोटर्सच्या प्रकरणात हेच उचलून धरलं. तिथे लिलाव झाल्यावर बँकेने कर्जदाराशी परस्पर तडजोड केली होती, ती टिकली नाही आणि घेणाऱ्याची विक्री कायम राहिली.

पण विक्रीच्या प्रक्रियेत चूक झाली, हे म्हणायला कर्जदाराला ४५ दिवसांत कलम १७ खाली डीआरटीत जाता येतं. सूचनेची मुदत कमी पडली, मूल्यांकन जुनं होतं, कर्जदार वारला होता आणि नोटीस वारसांना गेलीच नाही, अशी कारणं टिकतात. विक्री रद्द झाली तर पैसे परत मिळतात. व्याज किती, हे आदेशावर. मुद्रांक आणि दुरुस्तीचे पैसे वेगळे झगडून काढावे लागतात. म्हणून हे ४५ दिवस जाईपर्यंत आणि डीआरटीत काही दाखल नाही याची खात्री होईपर्यंत स्वयंपाकघराच्या ओट्याला हात लावू नका.

१६. नागरी बँक आणि पतसंस्था यांच्या लिलावात फरक काय?

मोठा. सहकारी बँकांना सरफेसी लागू आहे, हे मे २०२० मध्ये घटनापीठाने पांडुरंग चौगुले विरुद्ध मुरगूड सहकारी बँक या प्रकरणात नक्की केलं. त्यांना वरचं सगळं लागू.

पतसंस्थेला सरफेसीचा अधिकार नाही. ती सहकार कायद्याखाली वसुली दाखला घेते आणि १९६१ च्या नियमांतल्या नियम १०७ प्रमाणे लिलाव करते. तिथे जागेवरच १५ टक्के आणि उरलेले १५ दिवसांत भरायचे. लिलावानंतर ३० दिवसांत कर्जदाराला थकबाकी आणि तुमच्या किमतीच्या ५ टक्के जादा रक्कम भरून लिलाव रद्द करून घेता येतो. ते ५ टक्के तुम्हाला मिळतात. त्यामुळे इथे ३० दिवस उलटून लिलाव कायम झाल्याशिवाय घर आपलं झालं असं धरू नका.

१७. तीनदा लिलाव फसला. थेट बँकेकडून वाटाघाटीने मिळेल का?

नियमात खासगी करारानेही विक्री आहे, पण त्यासाठी कर्जदाराची लेखी संमती लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं. संमतीचा कागद दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. तीनदा का फसला, हे मात्र आधी शोधा. कारण बहुतेक वेळा वॉचमनला माहीत असतं.

१८. घर कंपनीच्या नावावर आहे आणि कंपनी दिवाळखोरीत जातेय म्हणे.

तारीख महत्त्वाची. दिवाळखोरी प्रक्रियेची स्थगिती लागू झाली की सरफेसीची कारवाई थांबते. तुम्ही २५ टक्के भरले आणि उरलेले भरण्याआधी स्थगिती आली, तर विक्री पुरी झाली असं धरलं जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये हेच म्हटलं. पैसे परत येतात, घर येत नाही. कर्जदार कंपनी असेल तर राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात तिच्यावर अर्ज आहे का ते बघा, आणि जिंकलात तर पंधराव्या दिवसाची वाट न बघता भरा.

१९. ताबा मिळाला, पण आत जुन्या मालकाचं सामान आहे.

कपाट, देवघर, भांडी तारण नव्हती, तुमचीही नाहीत. बँकेने पंचनामा करून यादी बनवायची आणि मालकाला सामान न्यायला कळवायचं. फ्लॅट रिकामा होईपर्यंत ताबा पावतीवर ‘आतील सामानासह, यादी सोबत’ असं लिहून घ्या. स्वतः भंगारवाल्याला बोलावू नका; चोरीची तक्रार होते आणि ती काढून टाकायला वर्ष जातं.

२०. सोसायटी सभासद करून घेत नाही.

थकबाकी भरली असेल (प्रश्न ११) तर नोंदवलेलं विक्री प्रमाणपत्र, इंडेक्स टू, ताबा पावती आणि विहित अर्ज द्या आणि पोच घ्या. हस्तांतर फी ५०० रुपये, प्रवेश फी १०० रुपये, आणि अधिमूल्य (प्रीमियम) कितीही झालं तरी २५ हजारांच्या वर नाही. ‘सोसायटी विकास निधी’ म्हणून लाखभर मागितले तर लेखी मागणी करायला सांगा. बहुतेकदा ती येतच नाही. अर्ज दाबून ठेवला तर उपनिबंधकांकडे जा. जुन्या मालकाचा भागदाखला सापडत नसेल तर बँकेचं तसं पत्र जोडून नकल दाखला मागा.